इतवारचं पाणी

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक रविवार 'पाळतो'. शेजारचे हिंदू कुटुंब एकादशी करते, मुसलमान कुटुंब रोजे ठेवते. आमच्या बोलीत मात्र देवाचा दिवस पाळायचा असतो, जसा दिलेला शब्द पाळायचा असतो, जशी गाय पाळायची असते. आणि मळ्यात, सामाईक विहिरीवर, पाण्याची 'पाळी' असते. संस्कृत शिकलेल्या माणसाला ठाऊक असते की हे दोन शब्द एका कुळातले नव्हेत. पाळणे हे रक्षण करण्याच्या धातूवरून आले आणि पाळी ही 'पालि' म्हणजे ओळ, रांग, या शब्दावरून. परंतु एका वर्षी माझ्या बहिणीच्या मळ्यात हे दोन्ही शब्द एकाच वारावर येऊन उभे राहिले, आणि त्यांना एकमेकांपासून सोडवणे माझ्या व्याकरणाला जमले नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे. वडिलांनी मला लहानपणी एका शास्त्रीबोवांकडे ठेवले होते. ते मला ओसरीच्या खालच्या पायरीवर बसवून शिकवीत. मी ख्रिस्ती आहे हे ते एका दिवसापुरतेही विसरले नाहीत, पण विद्या देताना त्यांनी कधी हात राखला नाही. त्या विद्येवर माझा प्रपंच चालला होता. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणत असे आणि गाव मास्तरीणबाई म्हणत असे, वडनेर भोलजीच्या अलीकडल्या एका लहान गावात राहत होती. तिचे यजमान प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी तिथेच एकरभर जमीन घेतली, विहिरीत तिसरा वाटा घेतला, आणि जमीन नीट हाताखाली येते न येते तोच तापाच्या दुखण्यात ते गेले. अक्काला मूलबाळ नव्हते. सगळ्यांनी गृहीत धरले की ती आता भावाकडे येईल. तिने मात्र वांग्यांची रोपे लावली, मिरच्यांचे वाफे केले, आणि ती त्या गावात राहिली.

"तुझं घर मले परकं नाही, भाऊ," ती एकदा म्हणाली होती, "पण तिथं म्या सकाळी उठून काय करू? तुझ्या बायकोच्या हातातलं लाटणं मागू?"

मळा होता तोवर ती आपल्या घरची होती. मळा गेला तर तिला माझ्या दोन खोल्यांत यावे लागणार होते. हे तिला ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि आम्ही त्यावर फारसे बोलत नसू.

त्या वर्षी पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो फिरकलाच नाही. विहिरीचा झरा इतका बारीक झाला की तिन्ही वाटेकऱ्यांच्या मोटा मनाला येईल तेव्हा चालणे शक्य राहिले नाही. वार वाटून घ्यायचे ठरले. पहिला वाटेकरी माळी होता. त्याला सगळे दादा म्हणत. दुसरा वाटेकरी मुसलमान होता. त्याला गाव चाचा म्हणे. दोघांच्या जमिनी मोठ्या, म्हणून त्यांना तीन तीन दिवस, आणि अक्काला एक. ही वाटणी मारुतीच्या देवळापुढे नारळ फोडून झाली. देवळापुढे बोली होणार, म्हणजे मारुतीसमोर शब्द दिला जाणार, म्हणून अक्का तिथे गेली नाही. तिने निरोप पाठवला: तुम्ही दोघे द्याल तो वार मला मान्य.

माझा नेम असा होता की दर रविवारी सकाळच्या एस.टी.ने निघून फाट्यावर उतरायचे आणि अक्काच्या घरापर्यंत चालत जायचे. तिच्या ओसरीवर गावातली चार-पाच ख्रिस्ती घरे जमत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. इतर रविवारी उपासना मी चालवी. वाटणीनंतरच्या पहिल्या रविवारी उपासना संपून मंडळी उठत होती, तेवढ्यात दादा अंगणात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, बुटका, डोक्याला मळकट पटका.

"काऊन बाई, मोट जुपली नाही आज? बैल तं म्या सकाळपासून बांधून ठेवले तुमच्यासाठी."

अक्काचे स्वतःचे बैल नव्हते. दादाच्या बैलांवर तिची मोट चाले. ती म्हणाली, "आज रविवार आहे, दादा."

"तेच तं म्हणून राह्यलो म्या! इतवार. तुमच्या देवाचा वार. म्या मागून घेतला तुमच्यासाठी. चाचा म्हणे, बाईले बुधवार देऊ. म्या म्हटलं, छट्! बाईच्या देवाचा वार बाईलेच भेटला पाह्यजे. आमी शनवारी मारुतीले तेल घालतो, मंगच नांगराले हात लावतो. देवाच्या वारी धरलेलं काम फळाले येते."

भेटवस्तू घेऊन आलेल्या माणसाचा आनंद त्याच्या तोंडावर होता. अक्काने त्याला बसायला सांगितले, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि तो पिऊन होईतो ती थांबली.

"दादा, आमच्या देवाच्या वारी आम्ही काहीच जुपत नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"मंग दिवसभर करता काय?"

"त्याच्यापाशी बसतो."

दादा हसला. त्याला ती थट्टा वाटली. "अन् हातावर हात ठेवून बसलं तं देव रागावत नाही तुमचा? आमचा मारुती तं म्हणंन, ऊठ बे, आळशा!" मग त्याने माझ्याकडे पाहिले, अक्काकडे पाहिले, आणि त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आपण काय करून बसलो ते त्याला कळले होते.

"वार बदलून घेऊ ना मग," मी म्हणालो. मला ते अगदी सरळ वाटत होते.

"नारळ फुटला, गुरुजी," तो हळूच म्हणाला.

त्यामागची गोष्ट अक्काने तो गेल्यावर मला सांगितली. दादा तरुण असताना अशाच एका कोरड्या वर्षी त्याच्या वडिलांनी मारुतीपुढे केलेली बोली सोयीसाठी मोडली होती. त्याच आठवड्यात विहिरीचा एक काठ ढासळला आणि गाळ काढायला उतरलेला दादाचा थोरला भाऊ त्याखाली गेला. तेव्हापासून त्या विहिरीवर दिलेला शब्द दादाच्या दृष्टीने शब्द नव्हता, त्याच्या भावाचे मरण होते. चाचाला अदलाबदलीत काही अडचण नव्हती; पण तोही म्हणाला होता, "त्याचं दुखणं मले माहीत आहे, बाई. त्या जागी म्या त्याले हात लावनार नाही."

म्हणजे दादाला त्याचा देव पहिला होता, अक्काला तिचा, आणि दोघांच्या मध्ये वांग्यांच्या ओळी उन्हात माना टाकत होत्या.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले. वयस्क, सौम्य, सायकलवरून दूरदूरच्या मंडळ्यांना भेटी देणारे गृहस्थ. मी त्यांना सगळे सांगितले आणि खरे तर त्यांच्याकडून अक्कासाठी मोकळीक मिळवण्याच्याच हेतूने सांगितले. जेवणानंतर त्यांनी विषय काढला. प्रभूने स्वतःच विचारले होते की विश्रामाच्या दिवशी कोणाचा बैल विहिरीत पडला तर तो त्याला वर काढणार नाही काय, याची त्यांनी आठवण दिली.

अक्का ताटे उचलत होती. ती थांबली. "साहेब, माझा बैल विहिरीत पडला असता तं म्या पदर खोचून उतरली असती. इथं विहीरच आटली आहे."

"तेच म्हणतो मी. ही गरज आहे, बाई. देव कठोर नाही."

"कठोर नाही म्हणून तं. कठोर असता तं भिऊन पाळला असता, अन् संधी भेटली का मोडला असता." ती खाली बसली. "मास्तर आजारी होते तवा म्या कोणता रविवार पाळला? एकही नाही. चूल पेटवली, कपडे धुतले, दवाखान्यात गेली. मले एकदाही वाटलं नाही का देव मागं राह्यला. तो जीव होता. हे वांगे आहेत, साहेब. माझ्या पोटापाण्याचे आहेत, मान्य. पण मले माझंच मन माहीत आहे. एकदा वांग्यांसाठी रविवार गेला, का मग मिरचीसाठी जाईन, मग बाजारासाठी जाईन. अन् मग एक दिवस म्या म्हणीन, देव आहेच की, तो कुठं जाते?"

पाळकसाहेब मान खाली घालून म्हणाले, "मी तुम्हांला आज्ञा करणार नाही. प्रार्थना करीन."

मला ते अपुरे वाटले. पाळक म्हणजे राखणारा. त्याने राखावे, असे मनात आले. परंतु मंडळीतल्या एका विधवेला 'तुझ्या अन्नासाठी देवाला थोडा मागे सार' असे कोणत्या तोंडाने सांगायचे, हे मलाही ठरवता आले नसते. आणि 'देवासाठी तुझे अन्न जाऊ दे' असे सांगणे तर त्याहून अवघड होते. बैठकीतल्या प्रत्येकाला सायंकाळी आपल्या घरी भाकरी मिळणार होती. प्रश्न फक्त तिच्या भाकरीचा होता.

त्या संध्याकाळी मी फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत चहाच्या हॉटेलात बसलो होतो. दादा बाजाराची गोणी घेऊन तिथे आला, तोच बाकावरच्या एकाने सूर लावला.

"काऊन दादा, इतवारचं पाणी सोमवारी लई गोड लागते म्हणे?"

"बाईचा देव आराम करते अन् दादाचा वाफा पिते," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

मला तोवर हे सुचलेच नव्हते. रविवारी अक्का मोट चालवीत नव्हती म्हणून त्या दिवसाचा झरा विहिरीत साचून राही, आणि सोमवार दादाचा असल्याने ते पाणी आपसूक त्याच्या वाफ्यांत जाई. गावाने त्यातून आपला अर्थ काढला होता: माळ्याने आधीच हिशेब करून बाईच्या गळ्यात रविवार बांधला.

दादाने गोणी खाली ठेवली. तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमाले तं तसं वाटत नाही ना?"

"नाही, दादा."

"बाईले?"

"तिलाही नाही."

"मंग झालं," तो म्हणाला. पण काही झाले नव्हते. त्याने चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तो अक्काकडे जाऊन म्हणाला की तुम्ही घरात बसा, प्रार्थना करा, रविवारी मी मोट हाकतो, मीच वाफे भिजवतो, तुम्हांला पाहावेसुद्धा लागणार नाही. अक्काने नकार दिला. माझ्यासाठी तुम्ही केलेले काम ते माझेच काम, ती म्हणाली. तो चिडला. "मंग म्या काय करू ते तरी सांगा! पाणी घेतलं तं चोर, नाही घेतलं तं माझे वाफे वाळते, अन् तुमाले देऊ म्हटलं तं तुमी घेत नाही!" अक्काने हे सगळे मला पुढच्या रविवारी सांगितले. आपला रविवार आपल्यापुरताच असतो अशी तिची समजूत होती, आणि आता एका भल्या माणसाची अब्रू त्यात सापडली होती.

मी त्या आठवड्यात वर्गात शिकवताना, वाट चालताना, जेवताना एकच विचार करीत होतो. आणि मग मला वाट दिसली. आपल्याकडे पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. गावातल्या पाण्याच्या पाळ्याही उगवतीपासून उगवतीपर्यंत. म्हणजे अक्काची रविवारची पाळी सोमवारी सूर्य उगवेतो तिचीच होती. उलट आमचा ख्रिस्ती रविवार घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीच संपतो. सोमवारी पहाटे मोट चालवली तर ती मारुतीच्या बोलीप्रमाणे रविवारीच चालेल आणि अक्काच्या देवापुढे सोमवारी. कोणाचाच शब्द मोडत नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी उपासनेआधी दादाला बोलावून मी हे सांगितले तेव्हा तो उडालाच. "हाव! उगवतीपर्यंत बाईचाच वार! गुरुजी, हे तुमच्या पोथ्यांत आहे?"

"पोथ्यांत कशाला, तुमच्या रोजच्या बोलण्यात आहे."

अक्काने मात्र विचारले, "भाऊ, माझा रविवार घड्याळाचा अन् माझी पाळी पंचांगाची. दोन्हीकडून मलेच फायद्याचं. असं असू शकते का?"

"यात खोटं काय आहे, अक्का?"

"खोटं काही नाही," ती म्हणाली. "तेच पाहून राह्यली." पण दादाच्या चेहऱ्याकडे तिचे लक्ष गेले असावे. ती म्हणाली, बरं, करून पाहू.

मी समाधानाने परत गेलो. त्या आठवड्यात मला शांत झोप लागली.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा वांग्यांनी मान उचलली होती. अक्काची मान खाली होती. उपासनेला ती नेहमीप्रमाणे भिंतीपाशी बसली, आणि मंडळी गेल्यावर म्हणाली, "भाऊ, उद्या पहाटे म्या मोट लावणार नाही."

"का? पाणी कमी पडलं?"

"पाणी भेटलं. चांगलं भेटलं." तिने आपले हात पदराला पुसले. "पण मागचा रविवार गेला. तू प्रार्थना करत होता, अन् म्या मोजून राह्यली होती का आता किती वेळ उरला. गाणं म्हणताना मनात वाफ्यांची दारं धरून पाणी वळवत होती, या वाफ्याले एवढं, त्या वाफ्याले तेवढं. संध्याकाळी म्या देवाले म्हटलं नाही का थांब; म्या म्हटलं, संप लवकर. ऐकलं का भाऊ? देवाच्या दिवसाले म्या म्हटलं, संप लवकर. मास्तर गेले तवाही मले असं रडू आलं नाही."

हिशेबात चूक नव्हती. पंचांगही खरे, घड्याळही खरे. दिवस शाबूत राहिला होता आणि त्यातला देव निघून गेला होता. मी तिला म्हणालो की सवय होईल, मन स्थिरावेल. ती म्हणाली, "सवय होईन, त्याचंच भ्या वाटते."

मग मी तो प्रश्न विचारला जो आम्ही टाळत आलो होतो. "आणि वांगी जळाली तर? तू माझ्याकडे येशील?"

"नाही आली तं तू काय करशीन, ओढून नेशीन?" ती थोडी हसली, आणि मग तिचे हसू गेले. "मले यायचं नाही, भाऊ. रोज रात्री देवाले तेच सांगते. मले इथून हलवू नको. अन् दुसऱ्या तोंडानं त्याच्याच दिवशी पाणी नाही म्हणते. तो तरी काय करंन बिचारा?"

ती पहाट तशीच गेली. त्या आठवड्यात ऊन कडक पडले आणि विहिरीकडच्या चार ओळी सोडून बाकीची वांगी वाळू लागली.

मग चाचा आला. साठीचा, उंच, कमी बोलणारा. तो अंगणात न येता कुंपणापाशी उभा राहून बोलला, हे मला अक्काने सांगितले. त्याचे म्हणणे एवढेच होते की शुक्रवारी दुपारी तो मशिदीत जातो तेव्हा वाफ्यांत पाणी वळवायला कोणी नसते, म्हणून त्याचा सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, मोट थांबवून झाडाखाली बिडी ओढीत बसतो. पाळी चाचाची, त्या पाळीत त्याने पाणी कोठे न्यायचे ते तो ठरवणार, त्याला बोली आड येत नव्हती. "सालदार मोट हाकीन. तुम्ही तुमच्या वाफ्यात दारं धरा. मी नमाज पढून आलो का बंद."

"तुमचं पाणी कमी होईन, चाचा."

"होईन," तो म्हणाला, आणि निघून गेला.

दिवाळीची सुट्टी लागली होती म्हणून एका शुक्रवारी मी तिथे होतो. चाचा धुतलेला सदरा घालून, टोपी नीट करीत बांधावरून गावाकडे गेला. सालदाराने बैलांना हाक दिली. मोट वर आली, रिकामी झाली, आणि पाटातून पाणी अक्काच्या वाफ्यांकडे सरकू लागले. ती अनवाणी उभी राहून फावड्याने एक दार फोडी, वाफा भरला की ते बंद करी आणि पुढचे फोडी. पाणी थोडे होते. तिने वांग्यांकडे पाहिले नाही. पाणी ती मिरच्यांना देत होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, दोन्ही वाचणार नाहीत, एक तरी वाचू दे.

दूर मशिदीच्या बाजूने काही आवाज येत नव्हता. ऊन होते, मोटेच्या चाकाचा कणा करकरत होता.

"भाऊ," ती फावडे टेकवून म्हणाली, "त्या माणसाले त्याचा देव पहिला आहे, म्हणून मले पाणी भेटून राह्यलं."

"हो."

"अन् मले माझा देव पहिला आहे, त्यानं कोणाले काय भेटलं? दादाले शिव्या."

मी म्हणालो की असे बोलू नकोस. ती म्हणाली, "बोलून नाही राह्यली, इचारून राह्यली." आणि वाफा भरून सांडू लागला होता म्हणून ती दार बंद करायला वाकली. चाचा बांधावर दिसला तेव्हा अर्धे वाफे कोरडेच होते. तिने स्वतःच सालदाराला थांबायला सांगितले, शेवटच्या दारात फावडे घातले आणि पाणी त्याच्या शेताकडे वळवून दिले.

त्यानंतरच्या रविवारी उपासनेनंतर तिने मला दादाला बोलावून आणायला सांगितले. चाचालाही. आणि चहाच्या हॉटेलातले बाकावरचे दोघे रस्त्याने जात होते, त्यांना तिने स्वतः हाक मारली. "या, तुम्ही बी या. तुमाले इतवारच्या पाण्याची लई काळजी आहे." ते दोघे ओशाळून कुंपणापाशी उभे राहिले.

"दादा," ती म्हणाली, "आजवर म्या इतवारचं पाणी सोडून देत होती. सोडलेलं पाणी ज्याच्या हाती आलं त्याले लोक चोर म्हणते. चूक माझी. टाकलेलं अन् दिलेलं यात फरक असते, ते म्या पाह्यलंच नाही. आजपासून म्या ते देते. अर्धं तुमाले, अर्धं चाचाले; इतवारी अर्धा अर्धा दिवस आपापल्या वाफ्याले मोट लावा. पाळी माझीच राहीन, बोली मोडत नाही. पण पाणी माझ्या हातानं दिलेलं."

चाचाने दाढीवरून हात फिरवला.

"अन् तुमी?" दादाने विचारले. "तुमचे वांगे?"

"वांगे गेले, दादा."

"मंग म्या हे पाणी कोण्या तोंडानं घेऊ?"

"घेतलं नाही तं माझं देणं फुकट गेलं. घ्या."

दादाने पटका काढला, पुन्हा डोक्याला गुंडाळला. "घेतो," तो म्हणाला, "पण गोड लागनार नाही, बाई." कुंपणापाशी उभ्या असलेल्यांपैकी कोणी हसले नाही.

त्यानंतर गावात त्याला कोणी काही बोलले की नाही, मला माहीत नाही. एकाची टवाळी एका बैठकीत थांबते असा माझा अनुभव नाही. वांग्यांची वाळलेली झाडे अक्काने त्याच आठवड्यात उपटली आणि चुलीला लावली. शुक्रवारच्या पाण्यावर मिरचीचे अर्धे वाफे उभे राहिले. त्या अर्ध्या मिरचीवर एका माणसाचे वर्ष निघते का, याचा अंदाज मी मनात कितीदा तरी केला. प्रत्येक वेळी उत्तर वेगळे आले.

मी देवाला प्रथम स्थान देण्यावर पुढे कितीतरी वेळा मंडळीपुढे बोललो आहे. बोलताना वाक्ये नीट जुळतात. पण प्रथम स्थान दिल्यावर दुसऱ्या स्थानी जे राहते ते वाळते, आणि ते वाळताना पाहत बसावे लागते, हे त्या वाक्यांत कुठेच बसत नाही. ख्रिस्ताने आपल्याला हे मागितले की आपणच त्याच्या नावाने हे स्वतःकडून मागून घेतले, हे मला आजही निश्चयाने सांगता येत नाही. चाचाची कुंपणापाशी उभी राहिलेली आकृती मला दिसते तेव्हा वाटते, उत्तर आले होते. वांग्यांची चुलीतली राख आठवते तेव्हा तसे वाटत नाही.

त्या रविवारी सायंकाळी निघताना मी फाट्यापर्यंत एकटा जाणार होतो, पण ती सोबत आली. वाटेत मी पुन्हा विचारले, या वेळी थेट. "अक्का, येतेस का आमच्याकडे? सामान मी घेऊन जाईन."

"येईन," ती म्हणाली.

मी थांबलो.

"नाताळले येईन. दोन दिवस. तुझ्या बायकोले सांग, मिरची घेऊन येते, बाजारातून घेऊ नको." एस.टी. आली होती. तिने मला हाताने पुढे ढकलले. "चल बस आता. मले अंधार पडायच्या आत घरी जायचं आहे."